शाळेत एकच गुरुजी, उपकेंद्राला कुलूप : आंदोलनाआधी कोणते कागद हातात हवेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातलं साधारण १,९०० वस्तीचं गाव. जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा, पट ५८. गेल्या दिवाळीपासून एकच गुरुजी पाचही वर्ग सांभाळतात. आरोग्य उपकेंद्राची इमारत चांगली आहे, पण जावं तेव्हा कुलूप. एक गट म्हणतो आमदारांनी लक्ष दिलं नाही, दुसरा म्हणतो सरपंचांनी पाठपुरावा केला नाही. तीन निवेदनं झाली, एक दिवसाचं उपोषण झालं. आता गावातली पोरं शाळेला कुलूप ठोकायचं म्हणतात. ठोकावं का? नाही तर काय करावं?

कुलूप ठोकू नका. त्याची कारणं पुढे येतील. आधी तीन निवेदनं वाया का गेली ते बघू. अशा निवेदनात बहुतेक वेळा एकच मागणी असते, "आमच्या शाळेला तात्काळ शिक्षक द्यावा." गटशिक्षणाधिकारी त्यावर "वरिष्ठांकडे सादर" असा शेरा मारतात आणि कागद फायलीत जातो. नवा शिक्षक नेमणं त्यांच्या हातात नाही, आणि तुमच्या शाळेत शिक्षक का नाही हे त्या कागदात कुठंच लिहिलेलं नाही.

"शिक्षक नाही" या दोन शब्दांत चार वेगवेगळे आजार असतात. पद मंजूरच नाही. पद मंजूर आहे, पण रिक्त आहे. पद भरलेलं आहे, पगार तुमच्या शाळेच्या नावावर निघतो, पण माणूस प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरत्या आदेशानं, दुसऱ्या गावात आहे. किंवा माणूस तुमच्याच शाळेवर आहे, पण रजा, प्रशिक्षण, बीएलओचं (मतदार यादीचं) काम किंवा सरळ दांडी यामुळे वर्गात नाही. लेकरांचं नुकसान चारही ठिकाणी सारखंच होतं. औषध मात्र वेगळं, ते देणारा अधिकारी वेगळा आणि वर्षातली वेळही वेगळी. हे निदान न करता केलेलं उपोषण हवेत जातं.

तुमच्या गावाचं निदान तुमच्या प्रश्नातूनच बरंचसं दिसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत २ शिक्षक लागतात, ६१ ते ९० ला ३. म्हणजे ५८ पटाला दोन पदं मंजूर असणार. बदल्या साधारणपणे उन्हाळ्यात होतात. दिवाळीच्या आसपास, सत्राच्या मध्येच एक शिक्षक दिसेनासा होतो तेव्हा सेवानिवृत्ती, दीर्घ रजा किंवा प्रतिनियुक्ती यांपैकी एक असतं. मुख्याध्यापकांकडचं शिक्षक हजेरीपत्रक शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मागा. प्रतिनियुक्ती असेल तर त्या नावासमोर आदेशाचा क्रमांक आणि तारीख सापडेल. पगार शालार्थ प्रणालीतून कोणत्या शाळेवर निघतो हेही विचारा. पगार तुमच्या शाळेवर आणि माणूस दुसरीकडे, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

मुख्याध्यापक सांगायला कचरत असतील तर त्यांच्यावर दबाव आणू नका, तेच तुमच्या लेकरांना सांभाळत आहेत. माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. अर्ज इथेच फसतो: शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी सगळं एकाच कागदावर मागितलं की "एकापेक्षा अधिक विषय" म्हणून परत. विषय फक्त "शिक्षकांच्या प्रतिनियुक्त्या" एवढाच ठेवा आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडून मागा: तुमच्या शाळेची मंजूर, भरलेली व रिक्त पदं आणि तालुक्यातल्या सर्व चालू प्रतिनियुक्ती आदेशांच्या प्रती. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पवर. "सर्व प्रतिनियुक्ती आदेश" हे शब्द गाळू नका, त्याचा उपयोग शेवटी आहे.

आता ग्रामसभा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ मध्ये एक तरतूद आहे जी बहुतेक गावांत कुणी वाचलेली नसते. गावात काम करणाऱ्या शासकीय आणि निमशासकीय कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेचं शिस्तविषयक नियंत्रण असतं. हजेरी तपासणं, वर्षाच्या कामाचं मूल्यमापन करणं आणि अनियमितता गटविकास अधिकाऱ्यांना कळवणं हे ग्रामसभेचं काम आहे. गटविकास अधिकाऱ्यांनी त्यावर तीन महिन्यांत कार्यवाही करायची, ती झाली नाही तर प्रकरण जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जातं. ही तरतूद वापरायची तर ठराव नेमका हवा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय आधी घ्या. रोज लेकरू शाळेत सोडणारी आई तिथं बोलते, मुख्य सभेत बहुधा बोलत नाही.

निदान प्रतिनियुक्तीचं निघालं तर ठरावाचा मजकूर साधारण असा असावा:

"जि. प. प्राथमिक शाळा, (गाव) येथे इयत्ता १ ते ५ चा पट ५८ असून शिक्षकांची मंजूर पदे २ आहेत. त्यांपैकी १ शिक्षक दि. ___ च्या आदेश क्र. ___ अन्वये अन्य शाळेवर प्रतिनियुक्तीवर असल्याने दि. ___ पासून एकच शिक्षक पाच वर्गांना शिकवीत आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम २५ व २६ चे हे उल्लंघन आहे. सदर प्रतिनियुक्ती रद्द करून शिक्षकास मूळ शाळेवर हजर करावे. हा ठराव याच अधिनियमाच्या कलम ३२ खालील तक्रार समजण्यात यावा. सूचक ___, अनुमोदक ___, ठराव सर्वानुमते मंजूर."

यात "शिक्षक द्यावा" हे शब्द नाहीत, ते बघा. मागणी आहे आदेश रद्द करण्याची. आदेश ज्यांनी काढला त्यांना तो रद्द करता येतो, त्याला वित्त विभागाची मंजुरी लागत नाही की नवी भरती लागत नाही. कलम २६ सांगतं की शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. प्रतिनियुक्तीवर गेलेल्या गुरुजींचं पद कागदावर रिक्त नाही, म्हणून कार्यालय म्हणेल की कलम लागू नाही. त्यावर उत्तर कलम २५ आणि परिशिष्ट: वर्गात प्रत्यक्ष दोन शिक्षक हवेत. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणानं, म्हणजे इथं जिल्हा परिषदेनं, तक्रार तीन महिन्यांत निकालात काढायची असते. पुढचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. प्रत देताना पोच घ्या, आवक क्रमांकासह. पोच नसलेला ठराव म्हणजे गावातल्या गावात झालेली चर्चा.

पट ५८ चा एक धोकाही सांगायला हवा. शिक्षकांची पदं संचमान्यतेतून, म्हणजे शाळेला किती पदं मिळणार त्या दरवर्षीच्या सरकारी मंजुरीतून, ठरतात आणि ती ३० सप्टेंबरच्या, आधार वैध असलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर होते. वर्गात बसलेलं लेकरू मोजलं जात नाही, पोर्टलवर जुळलेलं लेकरू मोजलं जातं. जुळत नाही ते छोट्या गोष्टींमुळे. जनरल रजिस्टरला नाव "वैष्णवी", आधारवर "वैशनवी". जन्मतारीख शाळेत एक, आधारवर सगळ्यांचीच १ जानेवारी. वडिलांच्या नावाच्या जागी आजोबांचं नाव. वयाच्या पाच वर्षांनंतर करायचं बोटांच्या ठशांचं अद्ययावतीकरण राहून गेलेलं. अशी पाच-सहा नावं सहज निघतात. जूनमध्येच मुख्याध्यापकांकडून "आधार अवैध" यादी घ्या आणि ग्रामपंचायतीच्या पुढाकारानं शाळेत आधार दुरुस्तीचं शिबिर लावा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रावर रांग असते आणि दुरुस्ती मंजूर व्हायला दिवस जातात. पद टिकवायला लागणारा पट आणि नवं पद मिळवायला लागणारा पट वेगवेगळा असतो, म्हणून चालू वर्षाचा शासन निर्णय शब्दशः वाचा. १५ मार्च २०२४ च्या निर्णयानं निकष बदलले तेव्हा वरच्या प्राथमिक वर्गांचे कमी पट मोठ्या वादाचा विषय झाले होते.

तुमच्या भागात दुसरी गळती ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि कोयत्याबरोबर लेकरंही कारखान्यावर जातात. पट ५८ राहतो, वर्गात ३५ उरतात. मग कुणीतरी म्हणतं, "एवढ्या पोरांना दोन मास्तर कशाला?" आणि प्रतिनियुक्तीचा आदेश निघतो. दिवाळीची तारीख मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. यावर उपाय हंगामी वसतिगृह. लेकरं आजी-आजोबांकडे गावातच राहतात आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी मुकादमांकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाटली जाते तेव्हाच, सप्टेंबरपर्यंत, नावानिशी तयार हवी आणि प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलेला हवा. प्रस्ताव टोळी गेल्यावर पाठवला तर मंजुरी येईपर्यंत लेकरू पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतं. जी लेकरं जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवता येतं आणि परत आल्यावर वर्ग तुटत नाही.

शाळा बंद होण्याच्या चर्चेबद्दलही विचारलं जातं. ५८ पटाला आज तो धोका नाही. तुमच्याच पंचायतीत एखादा तांडा किंवा वस्तीशाळा २० पटाच्या खाली असेल तर तिच्याकडे बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. तिथं पालकांचा मुख्य आधार अंतर आहे: पहिली ते पाचवी १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी ३ किलोमीटरच्या आत. अंतर मोजताना नकाशावरची सरळ रेघ मान्य करू नका. पावसाळ्यात ओढा आडवा येत असेल तर फिरून जाण्याचा रस्ता मोजा, फोटो लावा.

कर्मचाऱ्यानं मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहण्याच्या वादावर थोडं. ९ सप्टेंबर २०१९ च्या ग्रामविकास विभागाच्या निर्णयाप्रमाणे कर्मचारी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव लागतो, घरभाड्याचा प्रश्न त्याला जोडलेला आहे. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा मुद्दा काढला आणि शिक्षक संघटना संतापल्या. दोन्ही बाजू आपापल्या परीनं बोलतात, पण गावाचं नुकसान तिसऱ्याच ठिकाणी होतं: शिक्षक राहत नसताना राहतात असा ठराव गावच करून देतं. एकदा खोटा ठराव दिला की पुढं उशिरा येण्याबद्दल बोलायची सोय उरत नाही. माझं मत असं की ठरावात खरं तेच लिहा. गावात नळ आणि संडास असलेली भाड्याची खोली आहे का, हेही त्याच ठरावात लिहा. बऱ्याच गावांत ती नसते.

आता दवाखाना. इथं सगळ्यात मोठी चूक दार चुकण्याची. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणून तालुका आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाही म्हणून जिल्हा परिषदेसमोर बसलेलं उपोषण तिथंच संपतं.

उपकेंद्राचं कुलूप हा नेहमी दांडीचा पुरावा नसतो. सपाट भागात एक उपकेंद्र साधारण ५,००० लोकसंख्येला असतं, म्हणजे तुमच्याकडे आणखी दोन-तीन गावं जोडलेली असणार. आरोग्यसेविकेचे लसीकरणाचे आणि भेटीचे दिवस ठरलेले असतात. तिचा महिन्याचा आगाऊ फिरती कार्यक्रम मागा आणि उपकेंद्राच्या दारावर लावायला सांगा. महिनाभर गावातल्या दोन बायांनी एका वहीत तारीख, वेळ आणि "उघडं/बंद" एवढंच लिहावं. फिरतीच्या दिवसांशी ती वही ताडून पाहिली की खरी गैरहजेरी वेगळी निघते. समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले आहेत का हे स्वतंत्र विचारा. ते पद राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं कंत्राटी आहे. फिरतीचा मोठा भाग सेविका आणि आरोग्य सेवकाकडे असतो, त्यामुळे बाह्यरुग्ण तपासणीसाठी उपकेंद्रात कोणी बसायचं याचं उत्तर मुख्यतः हे समुदाय आरोग्य अधिकारीच आहेत.

प्राथमिक आरोग्य केंद्राबाबत डॉक्टरांच्या हजेरीइतकंच साठ्याच्या नोंदवहीकडे लक्ष द्या. एक उदाहरण पुरेसं आहे. विषारी सर्पदंशाला सुरुवातीचा डोस ८ ते १० कुप्यांचा असतो. नोंदवहीत "सर्पदंश लस: ४" असं असेल तर कागदावर साठा आहे, पण एका माणसाचा पहिला डोससुद्धा होत नाही. मृगाच्या आधी, मे महिन्यात, हा आकडा बघायचा आणि किमान २० कुप्या ठेवण्याची मागणी लेखी करायची, म्हणजे लागोपाठ दोन रुग्ण आले तरी भागतं. कुत्रा चावल्याच्या लसीचं वेगळं आहे. कातडीत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी यावं लागतं आणि उघडलेली कुपी काही तासांत संपवावी लागते. म्हणून कर्मचारी रुग्ण जमेपर्यंत "उद्या या" म्हणतात. पहिल्या दिवशी "उद्या या" चालत नाही, हे रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करता येते. औषध संपलं तर बाहेरची चिठ्ठी देणं हा पहिला मार्ग नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचे पैसेसुद्धा नाहीत.

बाळंतपणात गावाला सर्वांत कमी ठाऊक असतो तो परतीचा प्रवास. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि तिथून परत घरी, तिन्ही प्रवास मोफत आहेत. साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवस आईचं जेवणही. ओल्या बाळंतिणीला रिक्षात बसवून खड्ड्यांतून आणलं जातं कारण १०२ च्या गाडीला (मोफत रुग्णवाहिकेला) चालक नाही किंवा डिझेल नाही असं सांगितलं जातं. गाडीची लॉगबुक माहिती अधिकारात मिळते, चालकाच्या पदाची स्थितीही मिळते.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ च्या सांध्यावर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले तेव्हा राज्यभर त्या एका रुग्णालयाची चर्चा झाली. खालच्या पायरीवर, केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात, कोणते रुग्ण वेळेत थांबवता आले असते ही चर्चा तालुक्या-तालुक्यांत व्हायला हवी. आपल्याकडे त्याची वाट तयार आहे. लोकाधारित देखरेखीची, म्हणजे गावकऱ्यांनीच आरोग्य सेवेवर लक्ष ठेवण्याची, सुरुवात २००७ मध्ये ज्या पाच जिल्ह्यांत झाली त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. गावानं पत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचं, ही पद्धत गावात अधिकृत योजना चालू नसली तरी कुठल्याही गावाला वापरता येते.

राजकारणाचं बोलायचं तर कोण काय करू शकतं ते ओळखून मागा. आमदार निधी आणि जिल्हा नियोजन समितीचा पैसा बांधकाम, दुरुस्ती आणि साहित्यासाठी असतो, त्यातून कायम शिक्षकाचा पगार निघत नाही. म्हणून "शिक्षक आणतो" असं आश्वासन देणाऱ्याला विचारा, कोणत्या आदेशानं? प्रतिनियुक्ती आणि स्थानिक औषध खरेदी हे विषय जिल्हा परिषदेत ठरतात. मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासक राहिले. शिक्षण समिती आणि आरोग्य समितीत प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही, त्याचे परिणाम गावं आजही भोगत आहेत. उमेदवार दारात आला की "शाळा सुधारणार का" असं विचारलं तर उत्तर "हो" एवढंच येणार. त्यापेक्षा तालुक्यात किती प्रतिनियुक्त्या आहेत, कोणत्या गावातून कोणत्या गावात, आणि पहिल्याच सभेत त्यांची यादी मागणार का, हे लिहून घ्या. अनुशेषाचा, म्हणजे मागास भागाच्या राहून गेलेल्या विकासाचा, मुद्दा, १९८४ च्या दांडेकर समितीपासून चालत आलेला, खराच आहे. पण तो मंत्रालयातल्या तरतुदीचा मुद्दा आहे. तुमच्या गुरुजींचा आदेश तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या टेबलावर आहे.

लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवसाचा, उपयोग करा, पण शब्द सांभाळून. तालुक्याला महिन्याचा तिसरा सोमवार, जिल्ह्याला पहिला. अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी. आस्थापनाविषयक अर्ज तिथं घेत नाहीत, म्हणून "अमुक शिक्षकाची बदली करा" असं लिहिलं की नाकारला जातो. "माझ्या पाल्यांना दिवाळीपासून दुसरी आणि चौथीचं अध्यापन मिळालेलं नाही" असं पालकानं स्वतःच्या नावानं लिहावं, पक्षाच्या लेटरहेडवर नको.

आता कुलूप. शाळेला कुलूप ठोकलं की चर्चा शिक्षकावरून कुलपावर जाते. धक्काबुक्की झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ चा गुन्हा गावातल्या पोरांवर बसतो आणि पुढं पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत आडवा येतो. याहून मोठं कारण आणखी एक आहे. कुलपानंतर कार्यालय घाईत जो शिक्षक पाठवतं तो बहुधा शेजारच्या वाडीचा असतो, प्रतिनियुक्तीवर. तुमचं आंदोलन यशस्वी, त्या वाडीत उद्यापासून एकच गुरुजी. तिथं ऊसतोड्यांची चाळीस घरं असतील, त्यांच्या वतीनं बोलणारं कुणी नसेल.

म्हणून ती "सर्व प्रतिनियुक्ती आदेशांची" यादी. तिच्यातली गावं शोधा, त्यांच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना गाठा आणि वर दिलेला ठराव प्रत्येक गावानं आपापल्या आकड्यांसह करावा. तीन महिन्यांची मुदत सगळ्यांची साधारण एकाच आठवड्यात संपेल असं बघा. मुदत संपल्यावर बसायचं असेल तर पोचपावत्या घेऊन सगळी गावं मिळून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या कार्यालयासमोर बसा, आणि ते फक्त मोठ्यांनी. लेकरांना उन्हात नेऊ नका. त्या दिवशीही शाळा साडेदहाला उघडली पाहिजे आणि पाचवीच्या वर्गाची हजेरी लागली पाहिजे.